सरकारी ट्रेनिंग म्हणजे पैसा पाण्यात? एकेक मुद्दा घेऊ

एक दावा सध्या जोरात फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. नोकरी गेलेल्यांना सरकार फुकट ट्रेनिंग देतं त्याचा कोणालाच उपयोग होत नाही, हे म्हणे संशोधनानेच सिद्ध झालंय. ज्याला शिकायचंय तो आपला आपण शिकतो, चाळिशीनंतर काय डोंबल शिकणार, कंपन्यांना माणसं हवी असतील तर त्या शिकवतील, आणि एकाला नोकरी लागली तरी दुसऱ्याची जाते, मग त्यापेक्षा पैसे सरळ हातात द्या ना. वाचताना पटतं राव. त्यात थोडं खरंही आहे, पण काढलेला निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे.

आधी ते "संशोधनाने सिद्ध". बहुतेक वेळा बोट दाखवलं जातं ते अमेरिकेच्या जेटीपीएकडे, म्हणजे 'जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप अ‍ॅक्ट' या १९८२ च्या कायद्याखालच्या ट्रेनिंगकडे. त्याची तपासणी खरंच चोख झाली होती, १६ ठिकाणचे साधारण २०,००० अर्जदार, कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. निघालं काय? प्रौढ बायका आणि पुरुष दोघांची कमाई थोडी वाढली, शाळा सुटलेल्या तरुणांना मात्र फायदा दिसला नाही. फिरणाऱ्या दाव्यात फक्त तरुणांचंच येतं, प्रौढांचं कोणी सांगत नाही. आणि अजून एक गंमत, ज्यांना प्रवेश नाकारला त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडून कुठून तरी कोर्स केलाच, आणि ज्यांना प्रवेश मिळाला त्यातले बरेच फिरकलेच नाहीत. म्हणजे ही तुलना "ट्रेनिंग घेतलेले विरुद्ध न घेतलेले" अशी नव्हतीच, आणि तरी फरक दिसला.

पण खरं घोडं पेंड खातं ते मोजायच्या वेळेत. माणूस कोर्सला बसलाय तेवढे महिने तो नोकरी शोधत नाही, शेजारचा ज्याने ट्रेनिंग घेतलं नाही तो मिळेल ते काम धरतो. मग सहा महिन्यांनी मोजलं तर ट्रेनिंगवाला मागेच दिसणार ना! कार्ड, क्लूव आणि वेबर या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या २०० हून जास्त अभ्यासांचे निकाल २०१८ मध्ये एकत्र मांडले, त्यात हेच आलं की पहिल्या वर्षात परिणाम सरासरी शून्याजवळ, दोन-तीन वर्षांनी मात्र चांगला वाढलेला, आणि ही वाढ ट्रेनिंगमध्ये जास्त. पहिल्या वर्षाचा आकडा उचलायचा आणि "बघा, शून्य" म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराचं प्रोजेक्ट क्वेस्ट बघा. १९९० मध्ये तिथली लिव्हाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या कंपनीची फॅक्टरी बंद झाली, हजारभर लोक घरी बसले, त्या धक्क्यातून सरकारी पैशावर ही योजना उभी राहिली. आधी विचारलं कोणत्या कामाला माणसं मिळत नाहीयेत, मग त्याचंच शिक्षण, जास्त करून नर्सिंग वगैरे. फी, जाण्यायेण्याचा खर्च, मुलं सांभाळायची सोय यात मदत, आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक, कोण मागे पडतंय ते तिथेच कळायचं. पुढे याचीही तशीच चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. सुरुवातीला हे लोक चिठ्ठीत नाव न आलेल्या बाकीच्यांपेक्षा कमीच कमवत होते, कारण शिकत होते. नवव्या वर्षी बाकीच्यांपेक्षा वर्षाला ५,००० डॉलरच्या वर जास्त!

"ज्याला शिकायचंय तो शिकतो" हा तर उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार झाला. जेकबसन, लालोंड आणि सुलिवन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एकाच ठिकाणी सहा-सहा वर्षं टिकून असलेल्या, मग कंपनी आटल्यावर नोकरी गेलेल्या कामगारांची कमाई तपासली, तर पाच-सहा वर्षांनंतरही ती साधारण २५ टक्क्यांनी कमीच होती. हे आळशी लोक नव्हते हो, यांना येत असलेल्या कामाचं गिऱ्हाईकच गेलं.

वयाचं म्हणाल तर याच तिघांनी वॉशिंग्टन राज्यात ३५ च्या पुढचे नोकरी गेलेले लोक बघितले. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी कॉलेजात, एक वर्षभराचं शिक्षण घेतलेल्या पुरुषांची कमाई ८ टक्क्यांच्या आसपास वाढली, बायकांची १० च्या आसपास. फक्त एक आहे, काय शिकलात याने खूप फरक पडतो, तांत्रिक आणि गणित-विज्ञानाच्या विषयांनी चांगली वाढ दिली, बाकीच्यांनी फारशी नाही.

आणि इथे दावा करणाऱ्यांना मी अर्धे मार्क देतो. दोन आठवड्यांचा कोर्स, हातात सर्टिफिकेट, मागे कोणीच विचारणारं नाही, असल्या योजना खरंच तोंडाला पानं पुसतात. सरकारं "इतक्या लोकांची कमाई वाढली" अशी जाहिरात करतात तीही तपासूनच घ्यावी, कारण लोक ट्रेनिंगला येतात तेच कमाई तळाला गेल्यावर, त्यातली थोडी तर काही न करताही वर आली असती. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅशनफेल्टर यांनी हे १९७८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून सगळ्या योजना एकाच माळेत ओवायच्या का?

कंपन्या शिकवतील? शिकवतात, पण स्वतःच्या माणसांना. ज्याची कंपनीच बंद पडली त्याला कोण शिकवणार, आणि शिकवलं तर तो उद्या दुसऱ्याकडे जाईल ही भीती आहेच.

रोख पैसे हातात द्या, जरूर द्या. घरात पैसा येत नसेल तर माणूस कोर्स अर्ध्यात सोडून मिळेल ते काम धरतो, म्हणून रोख मदत आणि ट्रेनिंग ही भांडणारी जोडी नाहीच.

राहिला "एकाला मिळाली, दुसऱ्याची गेली". हा मुद्दा सगळ्यात दमदार आहे, आणि फ्रान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ क्रेपाँ आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात असं दिसलंही, काहींना जे मिळालं ते बऱ्यापैकी दुसऱ्यांच्या वाट्याचं होतं. पण तिथे तरुणांना नोकरी शोधायला मदत दिली होती, नवीन काम शिकवलं नव्हतं, म्हणजे आहे त्याच जागांसाठी काहींना पुढे सरकवलं. नर्सच्या जागा माणसं नाहीत म्हणून रिकाम्या आहेत आणि बंद फॅक्टरीतली बाई ते शिकून तिथे लागली, तर नोकरी नक्की कोणाची गेली?