इंग्रजांनी आपल्या बायकांना मोकळं केलं म्हणे

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, की इंग्रज यायच्या आधी आपल्या बायका घराबाहेर पडत नव्हत्या, विधवेला दुसरं लग्न नव्हतंच आणि शाळा, कायदा सगळं इंग्रजांनी दिलं. तिसऱ्यांदा आला म्हणून लिहितेय.

घराबाहेर पडत नव्हत्या, पण कोणाच्या घरातल्या? पहाटे जात्यावर दळून, पाणी भरून दिवसभर खुरपणीला जाणारी कुणबीण, बाजारात मासळी घेऊन बसणारी कोळीण, या कधी घरात बसल्या? चार वाड्यांमधलं चित्र सगळ्यांना चिकटवलंय. पुढे गिरण्या आल्या, तिथे बायकांच्या कामाला १८९१ च्या कायद्याने मर्यादा घातली तीसुद्धा दिवसाला ११ तासांची.

आता विधवाविवाह. कुणबी-माळ्यांत आणि कितीतरी जातींत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागायचाच. ज्या जातींत बंदी होती तिथल्या बायकांना १८५६ च्या कायद्याचा आधार झाला, हे मान्य, पण त्याच कायद्यात कलम आहे की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला, आणि मुंबई हायकोर्टाने ते पाट चालणाऱ्या जातींनाही लावलं. हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.

शाळांचं म्हणाल तर मिशनऱ्यांच्या शाळा आधी होत्या, खरंय. पण १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या, सरकार नाही. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ ला ज्ञानोदय या नियतकालिकात मांग-महारांचं दुःख लिहिलं, तिला पेशवाईपेक्षा इंग्रजांचं राज्य बरं वाटलं होतं आणि तिचा तो अनुभव कोणी पुसू नये. तरी १९०१ च्या जनगणनेत देशात शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणारी एकसुद्धा भरत नव्हती, इतक्या वर्षांच्या राज्यानंतर!

आणि कायदा? रखमाबाईंचं लग्न ११ व्या वर्षी झालं, त्या नांदायला गेल्या नाहीत म्हणून नवरा कोर्टात गेला. बायकोला कोर्टातून ओढून आणायची ही तरतूद धर्मशास्त्रातली नाही, इंग्लंडच्या कायद्यातून आलेली. १८८७ ला कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. शेवटी नवऱ्याला २००० रुपये देऊन १८८८ ला प्रकरण मिटवावं लागलं, मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या.