क्रमवारीत नसलेली कॉलेजं आणि जर्मनीतल्या नोकऱ्या

जून उजाडला की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलेल्या मुलांच्या घरी एकच विचारणा असते, "रँकिंग काय?" ज्या घरात पोरगं बी.टेक. होऊन बसलंय तिथं पुढची पायरी, "क्यूएसमध्ये कितवं?" दोनशेच्या आत असेल तर जमीन तारण ठेवून कर्ज काढू, चारशेच्या पुढचं असेल तर नको. एवढ्या पैशाचा प्रश्न आहे, तेव्हा आईवडिलांनी विचारणं रास्तच आहे. पण उत्तर ज्या यादीत शोधलं जातं, त्या यादीत ते नाही. जर्मनीत राहून गावाकडची ही चर्चा ऐकताना हेच सांगावंसं वाटतं.

क्यूएस ही जगभरातल्या विद्यापीठांची क्रमवारी काढणारी लंडनची खासगी कंपनी. तिच्या शंभर गुणांपैकी ३० गुण जगभरातल्या प्राध्यापकांच्या मताला आणि १५ गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला आहेत. म्हणजे ४५ गुण नुसत्या नावलौकिकाचे. प्राध्यापकाकडून मागितलं जातं ते आपल्या विषयातल्या चांगल्या संस्थांची नावं, देशातल्या जास्तीत जास्त १० आणि परदेशातल्या ३०. त्या वर्गात शिकवतात कसं, हे त्यानं पाहिलेलं असेलच असं नाही. आणखी २० गुण शोधनिबंधांच्या उल्लेखांना. पदवीधरांचं पुढं काय झालं याला मिळतात ५. शांघायहून निघणाऱ्या जागतिक विद्यापीठ-यादीत तर नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांनाच एकूण ३० गुण आहेत. संशोधनाला जाणाऱ्याला ही माहिती उपयोगी पडते. दोन वर्षांचं मास्टर्स करून कर्ज फेडायला निघालेल्या मुलाला ती फारशी कामाची नाही.

शिवाय बरीच आकडेवारी संस्था स्वतःच पाठवते. अमेरिकेतल्या यू.एस. न्यूजच्या यादीत कोलंबिया विद्यापीठ दुसरं होतं. आमचे ८२.५ टक्के वर्ग वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे आहेत, असं विद्यापीठानं कळवलं होतं. त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी २०२२ मध्ये वेळापत्रकं तपासून दाखवलं की खरा आकडा ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच वर्षी कोलंबिया अठरावं झालं. तिथली इमारत, प्राध्यापक, पदवी, काहीच बदललं नव्हतं.

आता जर्मनीतली एक गोष्ट, जी आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. इथं दोन प्रकारच्या संस्था आहेत: विद्यापीठं, आणि 'होखशुलं' म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या संस्था. या दुसऱ्या प्रकारात प्राध्यापक व्हायचं तर साधारणपणे पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली किमान तीन वर्षं शिक्षणसंस्थेच्या बाहेरची. त्यांना आठवड्याला साधारण १८ तास शिकवावं लागतं, विद्यापीठातल्या प्राध्यापकाला त्याच्या निम्मे. १८ तास शिकवणारा माणूस किती शोधनिबंध लिहिणार? म्हणून या संस्था जागतिक यादीत सहसा सापडतच नाहीत. आणि याच संस्थांच्या बऱ्याच पदवी अभ्यासक्रमांत एक अख्खं सत्र कारखान्यात काढायचं असतं, पदवीचा शेवटचा प्रकल्पही बहुतेक वेळा कंपनीतच होतो. गिअर, पंप, सेन्सर बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या जर्मन कंपन्या तिथूनच माणसं उचलतात. इथलं एक साप्ताहिक कंपन्यांच्या भरती-प्रमुखांना विचारून क्रमवारी काढतं, तेही या संस्थांची यादी वेगळी ठेवतं. 'सीएचई' नावाची जर्मन क्रमवारी तर एकूण नंबर देतच नाही. विषयानुसार वरचा, मधला, खालचा असे गट करते आणि थांबते. मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

सांगली-साताऱ्याच्या मुलाला प्रवेश मिळताना प्रत्यक्षात काय तपासलं जातं, तेही पाहू. भारतीय पदवीधरांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यात कागदपत्रं खरी आहेत का हे पाहतात, कॉलेजचा नंबर नाही. पदवी मान्य आहे की नाही हे 'अनाबिन' या सरकारी कोशात पाहतात आणि तिथं विद्यापीठाच्या नावापुढं 'एच प्लस' शेरा हवा. शोधताना कॉलेजचं नाव टाकून काही मिळालं नाही की मुलं घाबरतात. पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते शोधायचं असतं, शिवाजी विद्यापीठ किंवा लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. कॉलेज ऑटोनॉमस असलं तरी पदवीवरचं नाव पाहावं.

मग येतो गुणांचा हिशेब. जर्मन ग्रेड काढायचं सूत्र असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. जितका आकडा लहान तितकं चांगलं. दहापैकी ७ सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर ३ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.५. तीच मर्यादा ५ धरली तर उत्तर २.८ येतं. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते. म्हणजे गुणपत्रिकेच्या मागं उत्तीर्णतेचा किमान ग्रेड पॉइंट नीट छापलेला नसेल, तर केवळ त्यावरून अर्ज बाद होऊ शकतो. परीक्षा विभागाकडून तसं सही-शिक्क्याचं पत्र आधीच घ्या. त्याबरोबर प्रत्येक विषयाचा सिलॅबस, तासांसह. गणिताचे किंवा मेकॅनिक्सचे क्रेडिट कमी पडतात म्हणून बाद होणारे अर्ज खूप असतात. या सूत्रात कॉलेजच्या रँकिंगला जागाच नाही.

रँकिंग कुठं खरोखर अडवतं, तेही सांगितलं पाहिजे. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत क्यूएस क्रमांकाची अट असते. ती बदलत आली आहे, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा. नेदरलँड्स शिक्षणानंतर नोकरी शोधायला एक वर्ष देतं, त्यात नेदरलँड्सबाहेरच्या विद्यापीठांसाठी जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दोनशेची अट आहे. ब्रिटननं २०२२ मध्ये अशाच यादीवर आधारलेला व्हिसा सुरू केला. देशातही पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजना एनआयआरएफवर, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीवर, बेतलेली आहे. अशा ठिकाणी नंबर म्हणजे नियम, तिथं वाद घालून उपयोग नाही. पीएचडीसाठीही नाव उपयोगी पडतं, पण त्याहून मार्गदर्शकाचं नाव जास्त.

देशातल्या प्रवेशासाठी एनआयआरएफचा नंबर मी दुय्यम मानतो. इंजिनीअरिंगच्या गुणांकनात नोकरी-उच्चशिक्षण आणि मध्यम पगार यांचे मिळून शंभरात १३ गुण होतात. मात्र त्या नंबरामागची पीडीएफ सोन्यासारखी आहे. भाग घेणाऱ्या कॉलेजला भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात 'प्लेसमेंट अँड हायर स्टडीज' या तक्त्यात चार वर्षांच्या पदवीचा भाग उघडा. समजा, पहिल्या वर्षाला ३०० मुलं, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला ३०, वेळेत पास २४०, नोकरी १२०, पुढचं शिक्षण ३०, मध्यम पगार ४ लाख. पास झालेल्यांत नोकरीचं प्रमाण ५० टक्के आणि प्रवेश घेतलेल्यांत ३६. माहितीपत्रकात मात्र ९० टक्के असू शकतं, कारण तिथं फक्त 'पात्र' मुलं मोजतात, म्हणजे बॅकलॉग नसलेली, साठ टक्क्यांच्या वरची. एका मुलाला दोन ऑफर मिळाल्या तर त्या दोन धरल्या जातात. आणि मध्यम पगार ४ लाख म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना तेवढा किंवा त्याहून कमी. नोकरी न लागलेले त्या हिशेबात नाहीतच.

हा तक्ता सगळ्या शाखा एकत्र करतो, ही त्याची मोठी उणीव. कॉम्प्युटरचे आकडे सिव्हिलला झाकतात. म्हणून ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला आपल्या शाखेची तीन वर्षांची यादी मागा: किती मुलं, किती नोकऱ्या, कोणत्या कंपन्या. यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर तीही माहितीच आहे.

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. जागतिक याद्यांत त्यांची नावं नाहीत. तरी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत या कॉलेजांबद्दल कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण तिथं त्यांचे जुने विद्यार्थी बसलेले आहेत. खरा नावलौकिक असा माणसांमधून तयार होतो, आणि तो शाखेचा असतो, अख्ख्या संस्थेचा नसतो. आपल्या भागातल्या कॉलेजांनी शोधनिबंधांची संख्या वाढवण्यापेक्षा किर्लोस्करवाडी, कुपवाड, सातारा एमआयडीसी इथं सहा महिन्यांची खरी इंटर्नशिप उभी करावी, असं मला मनापासून वाटतं. इंटर्नशिपची विकत मिळणारी प्रमाणपत्रं जर्मनीत मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडतात.

इंटर्नशिप खरी केलेली असली तरी तिचा कागद बहुतेकांचा वाया जातो. जर्मन कंपनीला सवय आहे सविस्तर सेवाप्रमाणपत्राची. आपल्याकडून जातं ते दोन ओळींचं, 'मुलगा मेहनती आहे' असं. त्याऐवजी लेटरहेडवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, विभाग, हाताळलेली यंत्रं, कोणता भाग काढला किंवा कोणती चाचणी घेतली, आणि देखरेख करणाऱ्याचं नाव व पद हवं. मसुदा स्वतः लिहून न्या आणि शेवटच्या आठवड्यातच सही घ्या. वर्षभरानं मागायला गेलात तर ते साहेब दुसऱ्या प्लांटला गेलेले असतात.