सुटे पैसे आणि सुटे भाग

माझे बालपण सुटे पैसे मिळवण्यात गेले आणि मध्यमवय सुटे भाग मिळवण्यात चालले आहे. या दोहोंच्या मधल्या काळाला घरातली मंडळी संसार म्हणतात.

लहानपणी व्हिडिओ गेमच्या यंत्रापुढे आमची एक शिस्त असे. ज्याच्याकडे नाणे आहे तो खेळे, ज्याच्याकडे पुढचे नाणे आहे तो ते काचेच्या कडेला ठेवून नंबर लावी, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो खेळणाऱ्याच्या खांद्यावरून त्याला सल्ले देई. मी बहुतेक वेळा सल्लागार मंडळात असे. गर्दी ओसरली की मात्र माझी पाळी येई, कारण कोणी खेळत नसले म्हणजे हे यंत्र गिऱ्हाईक ओढण्यासाठी स्वतःच थोडा वेळ खेळून दाखवते, आणि त्या वेळी जॉयस्टिकचा दांडा धरून जोरजोरात हलवला की आपणच खेळत आहोत असे मानता येते. एक अख्खे वर्ष मी असा फुकट खेळलो, आणि माझा खेळ मुळीच वाईट नव्हता असे माझे आजही मत आहे. खरे नाणे कधी हाती लागलेच तर पॅक-मॅनमध्ये, म्हणजे चक्रव्यूहातले ठिपके खात भुतांपासून पळायच्या खेळात, त्याचे तीन जीव मिळत. पहिले दोन मी मिनिटभरात उधळत असे. तिसरा जितक्या काळजीने जपला, तितक्या काळजीने पुढे मी भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रेही जपली नाहीत.

त्यामुळे १९८० सालचे एक पॅक-मॅन यंत्र विकायचे आहे असे कळले, तेव्हा मी ‘नुसते पाहून येतो’ असे सांगून घराबाहेर पडलो. विकणाऱ्या गृहस्थांनी ‘यंत्र उत्तम चालत होते’ असे शपथेवर सांगितले. त्या वाक्यातल्या ‘होते’ या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही.

हे यंत्र पुरुषभर उंच असून वजनाला शंभर किलोंहून अधिक भरते. मी घराच्या दाराची रुंदी दोनदा मोजली होती, परंतु जिन्याच्या वळणाची मोजली नव्हती. मदतीला चौघे आले आणि त्या दिवशी मला पॅक-मॅनचे जनक तोरु इवातानी यांची थोरवी पटली. खेळातल्या चार भुतांना त्यांनी चार स्वभाव दिले आहेत. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅन जिकडे निघाला असेल तिकडे चार घरे पुढे जाऊन गाठू पाहते. निळे भूत आपली चाल ठरवताना लालचीही जागा पाहते. आणि नारिंगी भूत लांबून आवेशाने धावत येते, पण जवळ आले की अवसान गळून आपल्या कोपऱ्याकडे वळते. माझे मेहुणे लाल निघाले, त्यांनी वळणाचा विचार न करता खालून सरळ रेटा लावला. दुसरे स्नेही चार पायऱ्या वर उभे राहून यंत्र आता कुठे येईल हे सांगत राहिले. तिसरे मेहुण्यांकडे पाहून हात लावत होते किंवा काढत होते. चौथ्यांनी खालूनच बाह्या सरसावल्या, यंत्राला हात टेकवला, आणि त्याच क्षणी त्यांना एक फोन करायचा असल्याचे आठवले.

यंत्र वर आले. पडद्याकडे पाहून पत्नी म्हणाली, ‘‘अहो, हे बंद असूनही चालूच दिसतंय की.’’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. वर्षानुवर्षे एकच चक्रव्यूह एकाच जागी उजळत राहिल्याने तो पडद्याच्या आतल्या लेपावर कायमचा उमटतो, आणि वीज नसतानाही त्याच्या रेषा दिसतात. ‘‘मग चालू कशाला करायचं?’’ या तिच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

चालू केल्यावर चित्र पडद्यावर जिन्यातल्यासारखे वर-वर सरकत राहिले. जुन्या यंत्रांतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वाळतात आणि ते बदलावे लागतात, हे मी वाचले. त्याच ठिकाणी हेही वाचले की पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो, यंत्र बंद केल्यावरही तो भार आत दबा धरून राहू शकतो, आणि म्हणून तार जोडलेल्या स्क्रू ड्रायव्हरने तो आधी उतरवावा लागतो. वीज छातीतून आरपार जाऊ नये म्हणून दुसरा हात पाठीमागे ठेवावा, असाही सल्ला होता. मी डावा हात पाठीशी बांधून, दरबारात मुजरा करणाऱ्या सरदाराप्रमाणे वाकलो. ‘खाट्’ असा आवाज झाला आणि मी शेजारच्या खोलीत होतो. ट्यूबमध्ये भार नव्हताच. पत्नीने कपाट लावले होते.

दुसरे यंत्र मी ‘सुट्या भागांसाठी’ आणले. ते १९७८ सालचे स्पेस इन्व्हेडर्स, म्हणजे वरून उतरणारे परग्रहावरचे शत्रू गोळ्या झाडून टिपायचा खेळ, होते. पॅक-मॅनच्या पोटात झेड-८० प्रोसेसर असतो आणि स्पेस इन्व्हेडर्सच्या पोटात इंटेल ८०८०, तेव्हा एकाचे भाग दुसऱ्याला देण्याची कल्पना बैलाची शिंगे बोकडाला बसवण्याइतकीच व्यवहार्य होती; सुदैवाने हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. या खेळाच्या उभ्या यंत्रात पडदा पोटात दडवलेला असतो आणि आपण त्याचे आरशातले प्रतिबिंब पाहतो. हे मला ठाऊक नव्हते. मी आरसा पुसायला बाजूला काढून ठेवला आणि पडद्यावरची अक्षरे उलटी का दिसतात हे शोधत दोन संध्याकाळी तारा चाचपल्या. या खेळात ५५ शत्रू असतात आणि ते मरत जातील तसे उरलेल्यांचा वेग वाढतो, कारण चित्रे कमी उरल्याने प्रोसेसरवरचा भार हलका होतो. खेळाचे जनक तोमोहिरो निशिकादो यांनी हा अपघात खेळात तसाच राहू दिला. आमच्या घरी मोकळी जागा कमी होत गेली तसतसा प्रश्नांचा वेग वाढत गेला. आता यंत्रे चार आहेत.

पॅक-मॅन अखेर नीट चालू लागले, तेव्हा मी आतले बटण फिरवून ते विनानाण्याचे केले. पंधरा मिनिटांत कंटाळा आला. मरण फुकट झाल्यावर नारिंगी भुतालाही कोण भितो? मी बटण पूर्ववत केले आणि यंत्राला चालणाऱ्या मापाची सात नाणी खटपटीने मिळवली. पॅक-मॅनच्या २५६व्या फेरीत आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतचाच आकडा मावणारा, मोजणीकोठा ओसंडून पडद्याचा उजवा अर्धा भाग अगम्य चिन्हांनी भरतो, अशी ख्याती आहे. माझ्या यंत्रात हे तिसऱ्याच फेरीत घडले आणि मी घरभर ओरडत सुटलो. आतला एक जोड सैल झाला होता. माझा सर्वोच्च गुणांक मात्र खरा होता. तो वीज जाताच पुसला जातो, कारण यंत्र तो जपून ठेवत नाही. इस्त्रीसाठी प्लग कोणी काढला, याची चौकशी अद्याप पूर्ण झालेली नाही.

गेल्या आठवड्यात सातही नाणी पेटीत गेली. पेटीची किल्ली सुट्या भागांच्या डब्यांपैकी एकात आहे हे निश्चित आहे. डबे ४१ आहेत. सतरा डबे उपसून झाल्यावर रात्री मी यंत्रापुढे नुसताच उभा राहिलो. थोड्या वेळाने ते आपले आपण खेळू लागले आणि माझा हात दांड्याकडे गेला. पत्नी पाणी प्यायला उठली होती. ती माझ्या खांद्यामागे येऊन थांबली.

‘‘डावीकडे घ्या, डावीकडे,’’ ती म्हणाली. मी दांडा डावीकडे लोटला. पॅक-मॅनही योगायोगाने डावीकडे वळला.

‘‘आज बरे खेळताय,’’ ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.