शू बेइहोंग, लिन फेंगम्येन आणि ‘प्रभाव’ नावाचा आळशी शब्द

आधुनिक चिनी चित्रकलेचा विषय निघाला की ‘पाश्चात्त्य कलेचा प्रभाव’ हे शब्द इतक्या सहजपणे उच्चारले जातात की त्यामागे कुणाची तरी निवड होती, हट्ट होता, भांडणे होती, याचा विसरच पडतो. मला हा शब्द आळशी वाटतो. प्रभाव पडतो असे म्हटले की चित्रकार केवळ ओल टिपणाऱ्या कागदासारखा उरतो. आणि विसाव्या शतकातले चिनी चित्रकार शू बेइहोंग तसे मुळीच नव्हते.

शू १९१९ मध्ये पॅरिसला गेले, पण त्याच्या आदल्याच वर्षी पेकिंग (आजचे बीजिंग) विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी आपला कार्यक्रम मांडला होता: जुन्यातले उत्तम असेल ते राखावे, वाईट असेल ते बदलावे, उणे असेल ते भरून काढावे आणि पाश्चात्त्य चित्रपद्धतीतले घेण्याजोगे असेल ते सामावून घ्यावे. जुन्या गुरूंच्या चित्रांतले डोंगर पिढ्यान्‌पिढ्या गिरवत राहिल्याने चिनी चित्रकाराची प्रत्यक्ष पाहण्याची सवय मोडली आहे, हे त्यांचे निदान होते. म्हणूनच पॅरिसमध्ये घनवाद, म्हणजे वस्तूंचे कोनाकोनांत तुकडे करून रंगवणारी शैली, दहा वर्षांचा होऊन गेला असताना हा तरुण एकोल दे बोझार या जुन्या वळणाच्या कलाशाळेत मानवी शरीराच्या रेखाटनाचा काटेकोर अभ्यास करत बसला. शू काळाच्या मागे होते असे पूर्वी मीही म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करण्याची शिस्त आली, ती वसाहतीच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग म्हणून. तीच शिस्त शू यांनी आपण होऊन, समुद्र ओलांडून, देशाच्या कामाची म्हणून आणली. शिस्त एकच, पण तिचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा झाला.

या निवडीला काटेही होते. १९२९ मध्ये शांघायला पहिले राष्ट्रीय कलाप्रदर्शन भरले, तेव्हा शू यांनी सेझान आणि मातिस या आधुनिक फ्रेंच चित्रकारांवर इतकी जहरी टीका केली की ती वाचताना आजही अवघडल्यासारखे होते. असली चित्रे सरकारी पैशाने विकत घेणे म्हणजे मादक पदार्थ आयात करण्यासारखे, इथपर्यंत त्यांची मजल गेली. त्यांना उत्तर दिले ते कवी शू झिमो यांनी. १९२४ च्या चीन दौऱ्यात रवींद्रनाथांचे दुभाषी होते, तेच हे. माझ्या मते त्या वादात कवीची बाजू अधिक उदार होती.

मात्र शू बेइहोंग यांचे एक गाजलेले चित्र पाहिले की हा निवाडा डळमळतो. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनात आले आणि १९४० मध्ये, भारतातील मुक्कामातच, त्यांनी डोंगर हलवायला निघालेल्या वेड्या म्हाताऱ्याची प्राचीन चिनी कथा रंगवली. चार मीटरहून लांब कागद, चिनी शाई आणि कुंचला, आणि त्यावर कुदळी उगारलेले उघडे, पिळदार देह, जे पूर्वीच्या शाईचित्रांत सहसा दिसत नसत. त्या देहांसाठी समोर बसली होती भारतीय माणसे. चित्रात एक हत्तीही आहे. जपानशी युद्ध चालू असताना देशाला चिकाटीची गोष्ट सांगायला त्यांना पॅरिसचे शरीरशास्त्र लागले, चीनचा कागद लागला आणि बंगालमधली माणसे लागली. याला नुसता ‘प्रभाव’ कसे म्हणायचे?

शू यांचे समकालीन चित्रकार लिन फेंगम्येन यांची वाट याहून वेगळी, आणि मला स्वतःला अधिक जवळची. तेही त्याच सुमारास फ्रान्सला गेले. दिजॉं या फ्रेंच शहरातल्या कलाशाळेतील त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितले की, तुमच्याच देशाची कला किती समृद्ध आहे ती संग्रहालयांत जाऊन बघा. चिनी भांड्यांवरची झरझर ओढलेली रेषा या चिनी तरुणाला अशी फ्रान्समध्ये गवसली! १९२८ मध्ये हांगचौला पश्चिम सरोवराकाठी राष्ट्रीय कला अकादमी सुरू झाली तेव्हा ते तिचे प्रमुख झाले. पुढे पॅरिस गाठणारे चित्रकार वू ग्वानचोंग आणि झाओ वू-की हे तिथलेच विद्यार्थी. लिन यांनी पारंपरिक चिनी चित्रांची उभी-आडवी, गुंडाळून ठेवायची लांब पट्टी सोडून चौरस कागद घेतला, त्या चित्रांत मोकळी सोडली जाणारी कोरी जागा जवळपास संपवली आणि शाईसोबत दाट रंग वापरले. त्यांनी रंगवलेल्या चिनी ऑपेरातील (संगीत नाटकांतील) पात्रांत घनवादाचे कोन दिसतात, पण रेषा मात्र त्या भांड्यांवरचीच आहे.

१९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्ता आल्यानंतर शू यांचा वास्तववाद सरकारमान्य झाला. १९५० मध्ये ते पेकिंगच्या मध्यवर्ती ललितकला अकादमीचे प्रमुख झाले आणि १९५३ मध्ये वारले. त्यानंतर सोव्हिएत चित्रकार माक्सिमोव्ह तिथे तैलचित्रण शिकवायला आले. लिन यांच्या वाट्याला मात्र संशय आला. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत, जुन्या आणि पाश्चात्त्य कलेवर गदा आली असताना, त्यांनी स्वतःची चित्रे पाण्यात भिजवून, लगदा करून शौचकूपात सोडली. तरीही चार वर्षांचा तुरुंगवास चुकला नाही. १९७७ मध्ये ते हाँगकाँगला गेले आणि सत्तरीच्या पुढे, नष्ट केलेली ती चित्रे आठवून आठवून पुन्हा रंगवू लागले.