लो अँगल म्हणजे ताकद? त्या तक्त्याशी माझं भांडण

'कॅमेऱ्याची भाषा एका मिनिटात शिका' असा एक तक्ता सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यात लिहिलंय: लो अँगल (खालून घेतलेला शॉट) म्हणजे ताकद, टॉप अँगल (वरून घेतलेला) म्हणजे दुबळेपणा, क्लोजअप (अगदी जवळून घेतलेला) म्हणजे भावना, लाँग शॉट (लांबून घेतलेला) म्हणजे एकटेपणा, तिरका कॅमेरा म्हणजे वेडेपणा. तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: डोळ्यांच्या पातळीवरच्या शॉटला वेगळा अर्थ नसतो.

लघुपट करणारी मुलं हा तक्ता मोबाइलमध्ये ठेवतात आणि शूटिंगच्या वेळी उघडून बघतात. गावगुंड आला की कॅमेरा जमिनीवर, आई रडली की कॅमेरा तिच्या नाकाशी. हे मी जवळून पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात लो अँगलपासून. 'सिटिझन केन' (1941) मध्ये वृत्तपत्रसम्राट केन निवडणूक हरतो, त्याचा संसार मोडतो आणि जुना मित्र लेलँड दारूच्या नशेत त्याला खरं खरं सुनावतो. या प्रसंगाला दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रणकार ग्रेग टोलंड यांनी कॅमेरा इतका खाली नेला की त्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. केन पडद्यावर डोंगराएवढा दिसतो, आणि हीच त्याच्या पराभवाची रात्र आहे. वर बघा, छत दिसतंय. त्या काळी सेटला छत सहसा नसायचं, वेल्सने कापड ताणून ते करून घेतलं. ज्या कोनामुळे माणूस मोठा दिसतो, त्याच कोनामुळे छत त्याच्या डोक्यावर येऊन टेकतं. 'ताकद' या एका शब्दात हे मावत नाही.

तक्ता आणखी एक घोळ घालतो. कॅमेरा खाली ठेवणं आणि कॅमेरा वर रोखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (1953) कॅमेरा जवळजवळ चटईला टेकलेला असतो, पण लेन्स वर रोखलेली नसते, समोर सरळ बघते. मुलांना भेटायला शहरात आलेले म्हातारे आईवडील त्यामुळे बलाढ्य वाटत नाहीत. आपणच त्यांच्या घरात मांडी घालून बसलोय असं वाटतं. उंची आणि कोन वेगळे धरले नाहीत तर या चित्रपटाबद्दल एक वाक्यही धड बोलता येणार नाही.

टॉप अँगलचं उत्तर 'सायको' (1960) मध्ये आहे. गुप्तहेर जिना चढून वर पोचतो, कॅमेरा थेट छतापाशी जातो आणि खोलीतून मोटेलवाल्या नॉर्मनची 'आई' सुरा घेऊन धावत येते. वरून दिसणारी ही व्यक्ती दुबळी आहे का? दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना याचं कारण सांगितलंय. आईचा चेहरा लपवायचा होता, पण आपण तो लपवतोय हे प्रेक्षकाला कळू द्यायचं नव्हतं. कोन कधी कधी दाखवण्यासाठी नसतो, झाकण्यासाठी असतो. ही शक्यता तक्त्याला सुचलेलीही नाही.

क्लोजअपबद्दल थोडक्यात. प्रभातच्या 'अमृतमंथन'च्या (1934) हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर येतो. तो पाहून त्याच्या मनात शिरावंसं वाटत नाही, मागे सरकावंसं वाटतं. तिरक्या कॅमेऱ्याचंही तसंच: 'द थर्ड मॅन' (1949) चार सत्तांनी वाटून घेतलेल्या युद्धोत्तर व्हिएन्नात घडतो आणि तिथे फ्रेम सारखी कलते. वेड कुणालाच लागलेलं नाही. परक्या शहरात आलेल्या माणसाला कुणाचाच भरवसा वाटत नाही, एवढंच.

लाँग शॉटवर मात्र थांबायला हवं, कारण इथे तक्ता सगळ्यात जास्त नुकसान करतो. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) आठवा. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर उभा राहतो. एकटेपणा दाखवायला? त्या फ्रेममध्ये तर गर्दी आहे: वकील, कारकून, आपल्या तारखेची वाट बघणारी माणसं. एका बाईचा खटला ती बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून पुढे ढकलला जातो. तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतला असता तर तो एका बाईचा अपमान झाला असता. लांबून बघताना ते रोजचं कामकाज वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. पुढे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून विझतात, आणि ताम्हाणे लगेच कट करत नाहीत, आपल्याला अंधारात बसवून ठेवतात. शॉटचा अर्थ तो किती वेळ टिकतो यातूनही येतो. तक्त्यात वेळेला रकानाच नाही.

खालून पाहिलेला माणूस मोठा वाटतो, हे खरंय. लहानपणी आपण सगळ्यांनी मोठ्या माणसांकडे मान वर करूनच पाहिलंय. पण हा कल आहे, नियम नव्हे. आधीचा शॉट कोणता, नजर कुणाची, मागे काय आहे, यावर तो कल टिकतो किंवा उलटतो.

राहिली ती डोळ्यांच्या पातळीवरच्या शॉटबद्दलची बारीक अक्षरातली ओळ. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (2013) जातीवरून हिणवल्या जाणाऱ्या शाळकरी जब्याच्या घरचे मारलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीसमोरून नेतात. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर आहेत, सावित्रीबाई फुले आहेत. कॅमेरा वरून बघत नाही, खालूनही नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असतं तसं तो बघतो. भिंत आणि काठी एका फ्रेममध्ये आली, आणि पुढे काही बोलायची गरज उरली नाही. मग शेवटी जब्या दगड उचलतो. इतका वेळ कॅमेरा जिथे आहे तिथेच आपण होतो, डुक्कर पकडायला धावणारं ते कुटुंब गावाबरोबर आपणही बघत होतो. दगड सरळ लेन्सकडे येतो आणि पडदा काळा होतो.