मीठ सोडलं तर… : ‘स्वयंपूर्ण गावा’च्या फॉरवर्डला उत्तर

पोळा आला की तो मेसेज येतोच. यंदा आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी टाकला. वर बैलगाडीचं चित्र, खाली मजकूर. थोडक्यात असा: दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातलं प्रत्येक गाव स्वयंपूर्ण होतं. मीठ सोडलं तर बाहेरून काही आणावं लागत नसे. पैशाची गरजच नव्हती, सगळा व्यवहार धान्यावर. बारा बलुतेदार एका कुटुंबासारखे राहत. कुणी उपाशी झोपत नसे. न्याय पारावर व्हायचा, फुकटात आणि झटपट. मग इंग्रज आले आणि शेतकऱ्याला कर्ज म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. शेवटी नेहमीचं, ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

पुढे पाठवला नाही. एकेक वाक्य धरून बसलो.

‘मीठ सोडलं तर बाहेरून काही आणावं लागत नसे.’

मीठ ‘सोडायचं’ म्हणजे काय? मीठ ही काही चैनीची वस्तू नव्हे. देशावरच्या गावात ते यायचं कोकणातल्या आगरांतून, घाट चढून, बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे हेच काम करत. घाटावर जाणारं मीठ हा राज्याच्या धोरणाचा विषय होता. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला कळवलं की बारदेशातून येणाऱ्या पोर्तुगीजांकडच्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर ते स्वस्त पडेल आणि आपल्याकडच्या संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही. म्हणजे घाटमाथ्यावरच्या गावातल्या भाकरीची चव कुडाळच्या जकात नाक्यावर ठरत होती. याला स्वयंपूर्ण कसं म्हणायचं?

बरं, मीठ सोडलं. लोखंड? लोहार गावचा खरा, पण तो फाळ शेवटतो, म्हणजे त्याचं झिजलेलं टोक नीट करतो, लोखंड गाळत नाही. सह्याद्रीत धावड लोक भट्ट्या लावून लोखंड काढत, काही बंदरातून येई. नारळ आणि सुपारी? कोरडवाहू मुलखातल्या गावाला गणपतीपुढे नारळ फोडायचा तर कोकणाशिवाय फुटत नव्हता, आणि सुपारीशिवाय लग्न ठरत नव्हतं. तांब्या-पितळेची भांडी, बांगड्या, हिंग, लुगडी, बैलसुद्धा, सगळं बाजारातून.

फॉरवर्डमध्ये गाव आहे, बाजार नाही. आणि जुना बाजार म्हणजे कसबा. परगण्याचं मुख्य ठिकाण, तिथे पेठ, आठवड्याचा बाजार, साळी-कोष्ट्यांचे माग, सराफाची पेढी, बाजाराची व्यवस्था बघणारे शेटे-महाजन. गावापेक्षा थोडे मोठे असे हे कसबे आजूबाजूच्या वीस-पंचवीस वाड्या-गावांना धरून होते. आजही कितीतरी गावांच्या नावात ‘कसबे’ आणि ‘पेठ’ शिल्लक आहे. वार ठरलेला, रस्ता ठरलेला. ‘बाजारला जातो’ हे वाक्य आपल्याकडे एसटीच्या कितीतरी आधीपासून बोललं जातंय.

‘पैशाची गरजच नव्हती.’

आपली भाषाच हे खोडून काढते. दमडी, छदाम, रुका, कवडीमोल, ‘चमडी गेली तरी चालेल पण दमडी जाता कामा नये’. ज्या गावाला पैसा माहीत नव्हता त्याने इतके शब्द कशासाठी सांभाळले?

बलुतं धान्यात होतं हे खरं. सारा मात्र फक्त धान्यात नव्हता. काही भाग ऐनजिनसी, पण पेशवाईत बराचसा नगदी. आणि नगद म्हणजे एक नाणं नव्हे. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, प्रत्येकाचा भाव वेगळा, शिवाय हाताशी तांब्याच्या शिवराया. शेतकऱ्याकडे एका शिक्क्याचा रुपया, सरकारात हवा दुसऱ्या शिक्क्याचा, मध्ये सराफ बसलेला. तो जे कापून घ्यायचा तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आपण त्याच पेढीवर उभे असतो. हप्ता सरकारला वेळेवर हवा आणि पीक खळ्यावरून बाजारात जायला वेळ लागतो, ही मधली भेग सावकार भरत असे. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येतो.

‘बारा बलुतेदार एका कुटुंबासारखे राहत.’

इथे जरा थांबायला हवं, कारण फॉरवर्डचं सगळं काळीज या वाक्यात आहे.

सुगी झाली, खळं लागलं की बलुतेदार खळ्यावर येत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग, कोळी. बारावा कोण ते गावागावाला बदलतं. सगळ्यांना सारख्याच पेंढ्या मिळत का? नाही. थोरली ओळ, मधली ओळ आणि धाकटी ओळ. शेतीला ज्याचा उपयोग रोजचा त्याचं बलुतं जास्त, इतका हिशेब रोखठोक. कुटुंबात कुणी ओळ लावून भाकरी वाढत नाही. (वाढतात म्हणा, बायकांना शेवटी. त्या अर्थाने असेल कुटुंब.)

शिवाय बलुतं हे वतन होतं. वतन बापाकडून पोराकडे जाई, भावांत वाटलं जाई, अडचणीत विकलंही जाई. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने अठराव्या शतकातल्या मराठी कागदांवरून हे नीट दाखवलंय की बलुतेदार हा एका घराचा गडी नसून अख्ख्या गावाचा वतनी सेवक होता. यात त्याला संरक्षण होतं, कारण दुसरा सुतार परस्पर गावात येऊन बसू शकत नसे. पण त्याच दोरीने तो बांधलेलाही होता.

सर्वात जास्त बांधलेला कोण? महारवाडा गावकुसाबाहेर. काम काय? सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणं, आल्यागेल्या अंमलदाराची तैनात, मेलेली ढोरं ओढणं, वेसकरकी म्हणजे वेशीवरचा पहारा, शिवेची राखण, आणि वेळेला वेठ. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन, बलुतं आणि मागून आणलेली भाकरी. १८७४च्या वतन कायद्याने ही चौकट इंग्रजांनी मोडली नाही, उलट कायद्यात बसवली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच गुलामीविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं अखेर रद्द झाली १९५८च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. जे सुखाचं कुटुंब होतं ते सोडायला लोकांना तीस वर्षं का भांडावं लागलं?

महाड तर खेडंही नव्हतं, चांगलं नगरपालिकेचं गाव. तिथल्या पालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केलेला होता. तरी २० मार्च १९२७ला त्या पाण्याची ओंजळ घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला. बलुत्या-अलुत्यांची इतकी बारीक माहिती दुसरीकडे सापडणं कठीण. पण तो माणूस गहिवरलेला नाही. काम कमी होऊनही हक्क तेवढेच मागणारे, शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन हात पसरणारे, या सगळ्यावर त्याने कडक लिहिलंय. त्याची काही मतं आज वाचवत नाहीत. पण ‘एका कुटुंबासारखे’ असं त्यालाही वाटलं नव्हतं, आणि त्याने ती माणसं समोर पाहिली होती.

मग एकोपा नव्हताच का? होता, आणि तो फॉरवर्डमध्ये नाही! इर्जिक होतं: एकाच्या शेतात सगळ्यांचे नांगर, संध्याकाळी त्याच्याकडे जेवण. सावड होती: आज मी तुझ्या खुरपणीला, परवा तू माझ्या. एकेक बैल असलेले दोघे मिळून जोडी करत, तो वारंगुळा. आणि धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम नदीवरचे बंधारे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणी मालकाने नव्हे तर गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचं. काही शतकं चाललेली व्यवस्था आहे ही. बैलगाडीच्या चित्राखाली हे लिहा, मी स्वतः पुढे पाठवतो.

‘कुणी उपाशी झोपत नसे.’

१६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे मी सांगत नाही, त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. आणि तुकोबा भूमिहीन मजूर नव्हते. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. त्यांची ही गत, तर गावकुसाबाहेर काय झालं असेल?

त्याआधीचा दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणात कित्येक पिढ्या राहिला. १८०२-०३ला होळकरांच्या फौजा आणि पेंढारी पुणे-नगर भागातून गेले, उभी पिकं गेली आणि मागोमाग दुष्काळ आला. गावाच्या पेवात धान्य असे, पण पेव वर्षा-दोन वर्षांचं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मुलखातून धान्य आणणार कसं? बैलाच्या पाठीवर, आणि बैलाला वाटेत चारा नाही. स्वयंपूर्ण असणं दुष्काळात असं जीव घेतं.

१९७२ला माणसं जगली ती खडी फोडून, पाझर तलावांवर माती वाहून, सुकडी खाऊन आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन. त्या भाकरीला नाकं मुरडत का होईना. यातलं काहीच वेशीच्या आतलं नव्हतं.

‘गाव कधी उठलं नाही’ असंही त्या मेसेजच्या एका आवृत्तीत असतं. तलाठ्याकडे विचारा, ‘बेचिराख’ गाव कशाला म्हणतात. महसुली दप्तरात नाव आहे, शीव आहे, वस्ती नाही. दिवा लावायला कुणी उरलं नाही ते बेचिराग. जुन्या कागदांत ‘गतकुळ’ जमिनी आहेत, म्हणजे ज्यांचं मिरासदार कुळच संपलं किंवा परागंदा झालं त्या. पांढरी, म्हणजे गावाची वस्तीची जागा, ओस पडली की राज्यकर्ते नव्या रयतेला इस्तावा कौल देत: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दर वर्षी थोडा चढता. इतकं सगळं करावं लागत होतं याचा अर्थ गावं सारखी उठत होती आणि वसत होती. आपल्यातल्या कितीजणांची कुळं त्याच गावात सात-आठ पिढ्यांपलीकडे जातात, ते घरी विचारून बघा.

‘न्याय पारावर, फुकटात, झटपट.’

गोतसभा, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांची न्यायसभा, होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. महजर नावाचे निवाड्याचे कागद बघितले तर खाली सह्यांच्या जागी निशाण्या दिसतात. कुणब्याचा नांगर, शेट्या-महाजनाचा तराजू, बलुतेदारांची आपापली हत्यारं. मोडीच्या गिचमिड ओळींखाली तो एवढासा नांगर काढलेला पाहिला की लिहिता न येणारा माणूस तिथे हजर होता हे कळतं. शिवेच्या भांडणात तर महाराची साक्ष वजनाची मानत.

पण झटपट? पाटीलकीची भांडणं पिढ्यान् पिढ्या चालत. हरलेला पक्ष दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे जाई, तिथून हुजुरात, म्हणजे थेट सरकारात. साक्षीने निकाल लागेना तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं, भाजलंय का. फुकट तर मुळीच नाही. जिंकलेल्याकडून शेरणी किंवा हरकी, हरलेल्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. आणि भांडण कशावरून? अर्धी पाटीलकी विकताना केलेल्या कागदांत होळीची पोळी आधी कुणाची, पोळ्याला कुणाचे बैल पुढे, टिळा-विडा कुणाला पहिला, हे कलमवार लिहिलेलं असतं. आमच्याकडे अजून पोळ्याला यावरून दोन घरं बोलत नाहीत.

‘इंग्रज आले आणि कर्ज कळलं.’

आधी एक गंमत. गाव म्हणजे ‘छोटं प्रजासत्ताक’, आपल्यापुरतं सगळं असलेलं, हे प्रसिद्ध वर्णन चार्ल्स मेटकाफ या कंपनीच्या अधिकाऱ्याचं आहे, १८३०चं, आणि ते दिल्लीकडच्या गावांबद्दल. एल्फिन्स्टन या कंपनीच्याच दुसऱ्या अधिकाऱ्यानेही १८१९च्या अहवालात दख्खनच्या गावांबद्दल बरंचसं असंच लिहिलं. म्हणजे इंग्रजांना शिव्या देणारा मेसेज इंग्रजांचीच उष्टावळ वाढतोय. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत आंबेडकरांनी मेटकाफचा हाच उतारा वाचून दाखवला आणि पुढे खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं आगर म्हटलं.

इंग्रजांनी नुकसान केलं नाही असं माझं म्हणणं नाही. १८३६ला इंदापुरापासून सुरू झालेल्या रयतवारीच्या बंदोबस्ताने सारा रोखीत आणि ठराविक झाला. पाऊस पडो न पडो. दिवाणी कोर्टांनी सावकाराच्या हातात जप्तीचं हत्यार दिलं. अमेरिकेतल्या यादवीत कापसाचा भाव चढला तसं कर्ज वाढलं, आणि भाव पडला तेव्हा ते गळ्याशी आलं. शिरूर तालुक्यात लोकांनी आधी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने दाढी करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. बलुत्याचा इतका नेमका वापर दुसरीकडे क्वचितच झाला असेल. मग १२ मे १८७५ला सुप्याला, बाजाराच्या गावी, दंगल पेटली. लोक सावकारांच्या घरात शिरले आणि खतं-रोखे मागून बाहेर आणून जाळले. पुढे भीमथडी, शिरूर, नगरकडे हेच. त्यातून १८७९चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला.

तर फास आवळला इंग्रजांनी. ‘पहिल्यांदा कळलं’ हे मात्र साफ खोटं. पुण्याजवळच्या लोणीकंदची थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरने पाहणी केली आणि घरं, अवजारं, कपडे, जेवणखाण, देणंघेणं सगळं टिपलं. (पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी गो. स. घुर्यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला.) कोट्सला तिथली बहुतेक शेतकरी घरं सावकाराच्या देण्यात बुडालेली आढळली. त्याने हे लिहिलं १८२०च्या सुमारास. शनिवारवाड्यावरचं भगवं उतरून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि ती कर्जं काही दोन वर्षांची नव्हती.