ऑर्लोकची मिशी आणि 'मूळ पुस्तकात असे नाही'

(पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांनी 'द लाँग वॉक', 'द मिस्ट' किंवा नवा 'फ्रँकेन्स्टाइन' पाहिला नाही आणि पाहायचा आहे, त्यांनी हे नंतर वाचावे.)

रॉबर्ट एगर्स यांचा 'नोस्फेरातू' (२०२४) मी चित्रपटगृहात पाहत होते. त्यातल्या रक्तपिपासू काउंट ऑर्लोकचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला आणि माझ्या मागच्या रांगेत हशा पिकला. कारण होते त्याची मिशी. ती जाडजूड, ओठ झाकणारी मिशी पाहून ज्यांना हसू आवरले नाही, त्यांच्यापैकीच एक गृहस्थ बाहेर पडताना सोबतच्या मंडळींना ठामपणे सांगत होते की मूळ पुस्तकात असले काही नाही, दिग्दर्शकाने उगाच स्वतःचे डोके चालवले आहे. मी काही बोलले नाही. अनोळखी माणसाला पुस्तकाचे पान काढून दाखवण्याइतका उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. घरी आल्यावर मात्र या कथेचे मूळ असलेली ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' काढली आणि दुसऱ्याच प्रकरणात तो भेटला: किल्ल्याचे दार उघडणारा उंच म्हातारा, बाकी चेहरा गुळगुळीत आणि ओठांवर लांब पांढरी मिशी.

मिशी मुळातलीच होती, ती पुसली गेली नंतरच्या चित्रपटांत. मुर्नाउ यांच्या १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातला ऑर्लोक टकला आणि उंदरासारख्या दातांचा आहे. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'तला बेला लुगोसी गुळगुळीत चेहऱ्याचा, केस चापूनचोपून बसवलेला आहे. त्या गृहस्थांच्या मनातले 'मूळ पुस्तक' म्हणजे प्रत्यक्षात अशा जुन्या चित्रपटांचीच बेरीज होती. उन्हाचेही तसेच आहे. स्टोकरचा काउंट लंडनमध्ये दिवसाउजेडी फिरतो. त्याची शक्ती तेवढी उणावलेली असते. कोवळ्या किरणांनी रक्तपिपासू नाहीसा होतो ही कल्पना आपल्याला १९२२ च्या मूकपटाने दिली, आणि तो मूकपट तर स्टोकरच्या कादंबरीवर परवानगी न घेता, नावे बदलून बेतलेला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, आणि तरीही काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण त्याच्या नव्या आवृत्तीतल्या मिशीवर वाद घालू शकतो. चोरीचा माल इतका मुरला की मालकाचीच वस्तू परकी वाटू लागली.

गिलेर्मो देल तोरो यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' २०२५ मध्ये आला तेव्हाही 'तो राक्षस इतका बोलतो कशाला' ही तक्रार मी दोन-तीन जणांकडून ऐकली. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत तो याहून कितीतरी अधिक बोलतो. कादंबरीच्या मधली प्रकरणेच्या प्रकरणे त्याच्या तोंडी आहेत, आणि त्याने मिल्टन, प्लुटार्क आणि गटे वाचलेले आहेत. मुका, चपट्या डोक्याचा, मानेत खिळे ठोकलेला प्राणी ही बोरिस कार्लॉफ यांच्या १९३१ च्या चित्रपटाची देणगी आहे.

हे सगळे मी प्रेक्षकांना हसण्यासाठी लिहीत नाही, कारण मीही त्यांच्यातलीच आहे. भयाच्या बाबतीत प्रत्येकाला जे पहिले भेटले तेच त्याचे मूळ असते. पांघरुणात विजेरी घेऊन धारप किंवा मतकरी वाचलेल्या माणसाला पुढे त्याच धर्तीचे काहीही पडद्यावर दाखवले, तरी त्याची तुलना छापील कथेशी होत नाही, त्या पांघरुणातल्या रात्रीशी होते. आणि ती रात्र कोणत्याही दिग्दर्शकाला परत आणता येत नाही.

म्हणूनच भयपट पाहून आलेल्यांच्या तोंडी नेहमी असणाऱ्या दोन तक्रारी, 'भीतीच वाटली नाही' आणि 'पुस्तकाची सर नाही', मला एकाच तक्रारीची दोन रूपे वाटतात. अमेरिकेत पहिल्याच रात्री प्रेक्षकांकडून श्रेणी घेणारी सिनेमास्कोर नावाची संस्था आहे. २०१८ च्या 'हेरेडिटरी'ला तिथे डी प्लस मिळाली होती, आणि आज तोच चित्रपट अलीकडच्या उत्तम भयपटांत सर्रास गणला जातो. २०२५ च्या 'सिनर्स'ला, ज्यात रक्तपिपासू बऱ्याच उशिरा येतात आणि तोवर आपण १९३२ सालच्या मिसिसिपीतल्या संगीतात आणि माणसांत गुंतलेलो असतो, ए मिळाली. या दोन श्रेणींवरून कोणता चित्रपट अधिक भयप्रद आहे हे मुळीच कळत नाही. कळते ते इतकेच, की प्रेक्षक घरून काय ठरवून निघाला होता आणि ते त्याला मिळाले की नाही. 'हेरेडिटरी' पाहायला गेलेल्याला दचके हवे होते, आणि त्याच्यापुढे एका कुटुंबाचे दुःख मांडून ठेवले गेले, असे माझे मत आहे. दुःख पाहायला गेलेला माणूस कदाचित जागेवरून उठूही शकला नसता.

पुस्तकातली भीती आणि पडद्यावरची भीती यांची घडणच निराळी असते, हे मान्य केल्याशिवाय रूपांतरांबद्दल काही शहाणपणाचे बोलता येत नाही. वाचताना वेग आपल्या हातात असतो. नको वाटले तर पुस्तक मिटता येते, आणि मुख्य म्हणजे लेखकाने जे सांगितलेले नाही ते आपण आपल्याच गाठीचे घालून पूर्ण करतो, त्यामुळे ते नेमके आपल्याला भिववणारे असते. चित्रपटात काळावर दिग्दर्शकाची सत्ता असते, आणि कधीतरी त्याला ती गोष्ट दाखवावीच लागते. 'द शायनिंग'चे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. स्टीफन किंग यांच्या कादंबरीत हॉटेलच्या बागेत प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे आहेत. आपण पाठ फिरवली की ती थोडी पुढे सरकलेली असतात, आणि वाचताना, विशेषतः रात्री, हा प्रसंग अंगावर येतो. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९८० च्या चित्रपटात ही झुडपे काढून टाकली आणि त्यांच्या जागी उंच कुंपणांचा भूलभुलैया उभा केला. किंग यांना तो चित्रपट आवडला नाही, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. पुढे १९९७ मध्ये त्यांच्याच पटकथेवर दूरचित्रवाणी मालिका झाली, ती कादंबरीशी बरीच प्रामाणिक होती, आणि तिच्यात ती झुडपे संगणकाच्या साहाय्याने चालवली गेली. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ज्यांनी नाही, त्यांनी हालणाऱ्या हिरव्या खेळण्यांची कल्पना करावी. लेखक स्वतः हजर, मजकूर जसाच्या तसा, आणि भीती मात्र गायब. उलट त्या भूलभुलैयाचे एक पानही कादंबरीत नाही, तरी बर्फातला तो पाठलाग अनेकांच्या स्वप्नात येतो.

तेव्हा बदल केला म्हणून रागवण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप असतो तो बदलाच्या दिशेला, आणि अलीकडच्या दोन मोठ्या रूपांतरांत ती दिशा मला खटकली.

त्याआधी ज्या बदलाला मी आजही दाद देते तो सांगते. किंग यांच्या 'द मिस्ट' या दीर्घकथेचा शेवट मोकळा आहे. धुक्यातून गाडी पुढे जात राहते, रेडिओवर एखादा शब्द ऐकू आल्यासारखा वाटतो, आणि आशेचा एक धागा हाती ठेवून लेखक थांबतो. फ्रँक डॅराबाँट यांनी २००७ च्या चित्रपटात त्या गाडीत पाच माणसे आणि पिस्तुलात चार गोळ्या ठेवल्या. बाप आपल्या मुलासह चौघांची सुटका करतो, स्वतःसाठी गोळी उरत नाही म्हणून धुक्यात उतरतो, आणि काही क्षणांत धुके विरून लष्कराच्या गाड्या समोर येतात. हा शेवट पाहून लोक अक्षरशः चिडले होते, आणि काही अजूनही चिडलेले आहेत. मूळ लेखकाने मात्र तो शेवट आवडल्याचे जाहीरपणे सांगितले. दिग्दर्शकाने कथेतली आशा काढून घेतली, पण कथेच्या पोटात जो प्रश्न होता, म्हणजे घाबरलेला माणूस किती लवकर निर्णय घेऊन मोकळा होतो, तो शेवटच्या टोकाला नेला.

आता 'द लाँग वॉक'. रिचर्ड बाकमन या टोपणनावाने किंग यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीत शंभर मुले चालू लागतात. वेग ताशी चार मैलांखाली गेला की ताकीद, तीन ताकिदी संपल्या की गोळी, आणि शेवटी उरेल त्याला हवे ते बक्षीस. फ्रान्सिस लॉरेन्स यांच्या २०२५ च्या चित्रपटात मुले पन्नास आहेत आणि वेग ताशी तीन मैल, आणि हा बदल चालण्याचा सराव असलेल्या कोणालाही पटेल. दोन तासांच्या आत, जवळजवळ सगळा वेळ नुसती चालणारी पोरे दाखवून प्रेक्षकाला खिळवून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि दोन्ही प्रमुख तरुण नटांचे काम तर मनात घर करून राहते. 'संथ आहे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चालण्याच्या शर्यतीवरचा चित्रपट धावणार कसा?

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. कादंबरीत नायक गॅरटी जिंकतो, पण जिंकल्याचे त्याला कळतही नाही. त्याला पुढे एक काळी आकृती बोलावताना दिसते आणि तो, पायात त्राण नसताना, धावू लागतो. बस्स. चित्रपटात गॅरटी मित्रासाठी थांबून मरतो, आणि विजेता ठरलेला तो मित्र, मॅकव्हरीस, बक्षीस म्हणून बंदूक मागून ही शर्यत चालवणाऱ्या मेजरला ठार करतो. मी पाहिलेल्या खेळाला त्या क्षणी टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांनीच अस्वस्थ केले. कादंबरीतले सर्वांत भयानक पात्र मेजर नाही, रस्त्याच्या दुतर्फा वाढत जाणारी, मुलांची नावे ओरडणारी, त्यांचा मृत्यू जवळून दिसावा म्हणून रेटारेटी करणारी गर्दी आहे. बऱ्याच प्रकरणांच्या डोक्यावर दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांमधली वाक्ये उगाच घातलेली नाहीत. एका माणसाला गोळी घालून जो हिशेब मिटतो तो त्या पुस्तकाचा हिशेब नव्हे, आणि टाळ्या वाजवणारा प्रेक्षक त्या क्षणी नकळत त्याच गर्दीत जाऊन उभा राहतो. दिग्दर्शकाला हेच दाखवायचे होते, असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे. मॅकव्हरीस हा सगळ्यांत आशावादी मुलगा, आणि त्याच्याच हातात शेवटी बंदूक येते, यातच शोकांतिका आहे, असे ती म्हणते. मुद्दा बिनतोड आहे, हे मी तिच्यासमोर कबूल केले. तरीही मला वाटते की चित्रपटाने तो शेवट मांडला आहे तो दिलाशासारखा, जखमेसारखा नाही.

'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये हा दिलासा अधिक उघड आहे. शेलीचा प्राणी त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, गळा दाबतो, त्या खुनासाठी घरातली निरपराध जस्टिन फासावर जाते, पुढे व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हल मरतो आणि लग्नाच्या रात्री त्याची नववधू एलिझाबेथ. आणि एवढे होऊनही, त्याची कहाणी त्याच्या तोंडून ऐकताना, आपल्याला त्याची दया येते. शेलीने विशीही न गाठता साधलेली ही किमया आहे. देल तोरो यांच्या चित्रपटात एलिझाबेथ मरते ती व्हिक्टरच्या गोळीने. शेवटी बाप क्षमा मागतो, लेक क्षमा करतो, बर्फात अडकलेले जहाज मोकळे करून देतो आणि उगवत्या सूर्याकडे पाहत उभा राहतो. जेकब एलोर्डी यांनी ते इतक्या कोवळेपणाने केले आहे की डोळे भरून येतात, माझेही आले. पण कादंबरीत तो स्वतःच्या हातावरच्या रक्तासह, चिता पेटवण्याचा निश्चय सांगून अंधारात दिसेनासा होतो, आणि त्याला क्षमा करायची की नाही हे ओझे आपल्या डोक्यावर राहते. चित्रपटाने ते ओझे परस्पर उतरवून ठेवले. निरपराध प्राण्यावर दया करायला प्रेक्षकाला काही मोजावे लागत नाही.

ऑसगुड पर्किन्स यांच्या 'द मंकी'बद्दल (२०२५) थोडक्यात सांगायचे तर, किंग यांच्या गंभीर कथेचे तिथे रक्तबंबाळ विनोदी प्रकरण झाले आहे, माकडाच्या हातातल्या झांजांचा ढोल झाला आहे, आणि कथा वाचून गेलेले बरेच जण नाराज झाले. मला तो बदल चालला. मरण अर्थहीन आणि अवेळी येते, ही मूळची गोष्ट त्या हसण्यातून सुटलेली नाही, उलट हसून झाल्यावर थोडी लाज वाटते, आणि ती लाज चांगली आहे.

'द लाँग वॉक'चे अजून एक राहिले. माझ्या भाच्याने तो चित्रपट आधी पाहिला. आवडला म्हणून त्याने माझ्याकडची कादंबरी मागून नेली आणि चार दिवसांत परत आणून दिली. कशी वाटली विचारले तर म्हणाला, "मावशी, चांगली आहे गं, पण पुस्तकात शेवट बदललाय." मी हसले, आणि मग त्याने विचारले की ती काळी आकृती कोणाची होती. मला जी दिसली होती ती मी त्याला सांगितली नाही.